चौथं शील आणि करपलेली खीर

कल्याण पूर्व,
रविवार, दुपारी चारच्या चहाआधी

आदरणीय सखारामदादास,

धाकट्या शालनचा मानाचा जय भीम. वहिनींनाही माझा जय भीम सांग.

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीवर हात ठेवू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत, कोणी गेलेलं नाही, सम्यकची नोकरी शाबूत आहे आणि सूनबाई माहेरी निघून गेलेली नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून 'कट' असा आवाज येतो का? वहिनींची शुगर किती आली? (मागच्या फोनवर त्या म्हणाल्या की गोड पूर्ण बंद आहे, आणि मागून तू ओरडलास, "काल जिलबी खाल्ली ते सांग!" ते आम्ही चौघांनी ऐकलं, कारण फोन स्पीकरवर होता.) खडवलीला नदीचं पाणी उतरलं असेल. आता तू विचारशील की एवढं सगळं फोनवर का नाही विचारलं. तर दादा, फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. तिसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतोस. माझा मुद्दा चौथ्या पानावर आहे, म्हणून पत्र.

आणि मी तुला पत्र लिहिते म्हणजे केवढी हिंमत केली आहे, ते तुला आठवतंय की नाही कोण जाणे. लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा पहिल्या महिन्यात मी तुला एक पत्र लिहिलं होतं. नवं घर कसं आहे, सासूबाई कशा आहेत, आईची आठवण येते, असं डोळ्यांत पाणी आणून लिहिलं होतं. आठ दिवसांनी तुझं उत्तर आलं. उत्तर म्हणजे माझंच पत्र. तू नुकताच मास्तर झाला होतास. चौदा चुकांना लाल पेनाने गोल केले होतेस, 'आठवण'चा ण सुधारला होतास आणि खाली लिहिलं होतंस, "दहापैकी सहा. प्रयत्न चांगला." सम्यकचे बाबा आठवडाभर हसत होते. त्या दिवसापासून अडतीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या ब्लाउजच्या मापांखेरीज काही लिहिलं नाही. छाती छत्तीस, बाही नऊ, गळा खोल (सासूला न सांगता). यात शुद्धलेखन लागत नाही. तुला दोष देत नाहीये हं. म्हणजे देतेच आहे, पण लहान बहीण म्हणून जेवढा देता येतो तेवढाच.

आता हे लिहिण्याचं खूळ साठाव्या वर्षी कुठून आलं, तर सूनबाईकडून. यंदा आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हा प्रियांकाने जाहीर केलं की या तीन महिन्यांसाठी घरातल्या प्रत्येकाने एक संकल्प करायचा. (ती माजिवड्याला ज्या ऑफिसात जाते तिथे दर तीन महिन्यांनी असंच काहीतरी जाहीर करतात, असा माझा संशय आहे.) सम्यकने जेवताना मोबाइल न बघण्याचा संकल्प केला. ह्यांनी तंबाखू सोडली. हे दर वर्षावासात तंबाखू सोडतात. सोडलेली तंबाखू कुठे ठेवतात ते पुढे येईल. मी म्हटलं, मी काय सोडू, माझ्याकडे सोडण्यासारखं काहीच नाही. तर तिने माझ्या हातात दोनशे पानी वही ठेवली. "आई, तुम्ही काही सोडू नका, तुम्ही धरा. लसूण सोलताना मला जे सांगत असता ना, ते रोज एक पान लिहा." मी तिला तुझ्या लाल पेनाची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "मामा खडवलीला आहेत, वही कल्याणला आहे."

वेळ कोणती, यावर घरात बराच खल झाला. सकाळी डबे, दुपारी शिलाई, संध्याकाळी स्वयंपाक. शेवटी असं ठरलं की संध्याकाळची वंदना झाली की मी तिथेच चटईवर बसायचं आणि बुद्धमूर्तीपुढची अगरबत्ती विझेपर्यंत लिहायचं. विझली की वही बंद, कुकर चालू. आणि अगरबत्ती जळत असेपर्यंत आईला कोणी काही विचारायचं नाही. दादा, तुला सांगते, अडतीस वर्षांत पहिल्यांदा मला अशी पंचवीस मिनिटं मिळाली की ज्यात "माझा टॉवेल कुठे आहे" असं कोणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी तर मी काही लिहिलंच नाही, नुसती ती शांतता ऐकत बसले. मग हळूहळू अंदाज आला. साध्या अगरबत्तीत पाऊण पान होतं. पंखा चालू असला तर ती भराभर जळते आणि अर्ध्या पानावरच गाडी अडते, म्हणून प्रियांका पंखा बंद करायची आणि माझ्या साहित्यासाठी अख्खं घर घामाघूम व्हायचं. एकदा ह्यांनी कौतुकाने करंगळीएवढी जाड अगरबत्ती आणली. ती दीड तास जळली. माझा हात दुखून आला, वरण राहिलं, आणि नऊ वाजता सगळे पोहे खाऊन झोपले. त्यानंतर अगरबत्ती मी स्वतः आणते.

पण खरी अडचण चौथ्या दिवशी आली. ती अडचण तुलाच कळेल, कारण सम्यकच्या लग्नात भर मांडवात उठून आचार्यांचा 'सिक्खापदं'चा पाली उच्चार सुधारणारा माणूस तू. तर त्या दिवशी मी लिहायला घेतलं, "एक बाई होती. ती नदीवर गेली." आणि पेन थांबलं. कोण बाई? कुठली नदी? अशी बाई नव्हतीच. मी ती बनवली होती. आणि पाचच मिनिटांपूर्वी मी त्याच चटईवर हात जोडून पंचशीलातलं चौथं शील घेतलं होतं, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. अजून अगरबत्तीची राख पुरती वाकलीसुद्धा नव्हती आणि मी बुद्धांच्या समोर बसून नसलेल्या बाईला नसलेल्या नदीवर पाठवत होते. मला दरदरून घाम फुटला. (पंखा बंद होता हेही खरं.) मी ती ओळ खोडली आणि ठरवलं, आपण लिहायचं ते खरंच लिहायचं. शब्दाला शब्द खरं.

तीन आठवडे मी खरं लिहिलं. "आज पडवळाची भाजी केली. हे 'छान' म्हणाले आणि अर्धी माझ्या ताटात ढकलली." "आज एका बाईचं कंबरेचं माप चार इंच वाढलं. ती म्हणाली, तुमची टेप आटली." एके दिवशी खरं म्हणूनच लिहिलं, "ह्यांची तंबाखू जुन्या चष्म्याच्या डबीत आहे. ह्यांना वाटतं, मला माहीत नाही." दुसऱ्या दिवशी बघते तर डबी रिकामी. मी लिहिलं, "तंबाखू आता छत्रीत आहे." तिसऱ्या दिवशी छत्री रिकामी. म्हणजे माझी वही वाचणारा एक वाचक मला मिळाला होता आणि तो रोज न चुकता वाचत होता. लेखकाला आणखी काय हवं! मी मुद्दाम एक दिवस काही लिहिलं नाही, तर हे दिवसभर बेचैन.

हे असंच चाललं असतं, पण विहारातल्या आमच्या महिला मंडळाला सुगावा लागला. मंडळाच्या अध्यक्षा कमळाबाई. तुला आठवतील, ठसठशीत बाई आहेत, माइकशिवाय बोलल्या तरी पुढच्या गल्लीत ऐकू जातं. त्या म्हणाल्या, रविवारच्या ग्रंथवाचनानंतर शालनने आपल्या वहीतलं एखादं पान वाचावं. मी नको नको म्हणत उठले (उठायला मला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा कमी लागला) आणि वही उघडली. दादा, मी पान निवडायला हवं होतं. मी जे उघडलं ते वाचलं. ते आषाढी पौर्णिमेच्या खीरदानाचं, मागाहून आठवून लिहिलेलं पान होतं. त्या दिवशी कमळाबाईंनी पंचवीस लिटर दुधाची खीर केली होती आणि ती तळाला लागली होती. लागली म्हणजे करपलीच होती. मी शब्दाला शब्द खरं वाचलं, की खिरीला जळका वास येत होता, की बासष्ट बायकांनी ती खाल्ली, की बासष्ट जणी "छान झालीय" म्हणाल्या, आणि त्या सगळ्या जणींनी सकाळीच पंचशील घेतलं होतं. पुढच्या रांगेत कमळाबाई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. विहारात एवढी शांतता मी ध्यानाच्या वेळीही पाहिली नाही. मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि मग कोणीच हसलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी मंडळात कोणी बोललं नाही. चार जणींनी शिवायला टाकलेले ब्लाउज न शिवताच परत नेले. एकीने तर स्पष्ट सांगितलं, "तुम्ही माप घेता आणि मग लिहिता, ताई. भीती वाटते." मला फार लागलं रे. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, खोटंही बोलले नव्हते, आणि तरी एका बाईला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं होतं. मी वही कपड्यांच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवली. अगरबत्ती रोज लागायची आणि विझायची. मी शेजारी बसून भाजी निवडायचे. पहिल्या दिवशी ह्यांनी विचारलं, "माझा टॉवेल कुठे आहे?" आणि मला रडू आलं. टॉवेल सापडल्यावरही येत राहिलं.

मग एका उपोसथाच्या उपवासाला विहारात गेले तेव्हा मी भन्तेजींना गाठलं आणि विचारलं, की गोष्ट बनवून लिहिली तर चौथं शील मोडतं का. त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "उपासिके, फसवायला बोललेलं ते खोटं. दुसऱ्याला समजून घ्यायला बनवलेलं ते खोटं नव्हे. आणि दुखवायला सांगितलेलं खरं, तेही सम्यक वाणीत बसत नाही." असं त्यांनी फार सुंदर सांगितलं. मी ते घरी येऊन लिहून ठेवलं.

त्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. उघडते तर कमळाबाई, हातात स्टीलचा डबा. मी आत या म्हणायच्या आधीच त्या आत आलेल्या. चटईवर बसल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "खा. नाही करपलेली. समोर उभी राहून ढवळत होते, मोबाइल पण नाही घेतला." मी खाल्ली. खीर खरोखर उत्तम होती, वेलची जरा जास्त. (हे मी बोलले नाही. शिकते आहे.) मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनीच थांबवलं. म्हणाल्या, "अगं, मी आठ दिवस जाम भडकलेले तुझ्यावर. नंतर घरी एकटीच बसलेले तेव्हा डोक्यात आलं, एकतीस वर्षं मंडळ चालवतेय, दर पौर्णिमेला खीर करतेय, पण माझ्यावर कोणी चार ओळी पण नाही लिहिलेल्या. तू लिहिल्यास. करपलेल्या का होईना." मग त्यांच्या मानाने हळू म्हणाल्या, "आता परत लिही. आणि ऐक, थोडं वाढवून लिही."

दादा, त्या 'थोडं वाढवून'ने माझी ट्यूब पेटली. अगं बाई, हे तर मी रोज करते! कोणाचाही ब्लाउज शिवताना माप खरं घ्यायचं, पण आत शिवणीत दोन बोटं कापड सोडायचं. ते बाहेरून दिसत नाही, पण उद्या बाई अंगाने भरली तर उसवून मोठं करता येतं. तसं कापड मी माझ्या पानांत सोडलंच नव्हतं. त्या संध्याकाळी वही पुन्हा बाहेर काढली. "एक बाई होती" असं लिहिलं आणि खोडलं नाही. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. कमळाबाईंवर लिहिलं, थोडं वाढवून. मंडळात वाचलं तेव्हा त्या रडल्या आणि ब्लाउज परत आले. आता घरात वेळ घड्याळात मोजतच नाहीत. सम्यक ऑफिसातून फोन करतो, "आई, दोन अगरबत्त्यांत पोचतो." प्रियांकाही आता माझ्याशेजारी बसून तिच्या वहीत काहीबाही लिहिते आणि मला दाखवत नाही. मी विचारत नाही. अगरबत्ती जळत असताना विचारायचं नसतं.

तर आता मुद्दा. येत्या आश्विन पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावासाचा समारोप आहे. सकाळी वंदना, ग्रंथाची सांगता, खीरदान, आणि त्यानंतर 'शालनताईंचे कथावाचन, दहा मिनिटे.' पत्रिका सोबत पाठवते आहे. (त्यात 'कथावाचन' ऐवजी 'कथावचन' छापलं आहे. मला माहीत आहे. दिसलं मला. प्रेसवाल्याला सांगितलंय.) आणि कमळाबाईंच्या मनात आलं की प्रमुख अतिथी म्हणून खडवलीच्या गमरे सरांना, म्हणजे तुलाच, बोलवावं. त्या तुला फोन करतील. फोन कानापासून जरा लांब धर. तू नक्की यायचंस, वहिनींना घेऊन यायचंस आणि येताना तुझ्याकडचा नवा तांदूळ पाच किलो आणायचास, कारण कमळाबाईंचं म्हणणं की खिरीला खडवलीचाच तांदूळ हवा. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं.

गुडघ्याला तेल लावत जा. वहिनींना जिलबीबद्दल बोलू नकोस, त्यांनाही काही सुख असू दे. सगळ्यांना मंगल कामना.

तुझी धाकटी बहीण,
शालन

ता. क. मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात ह्यांनी हे पत्र वाचलं. तंबाखू तांदळाच्या डब्यातून हललेली आहे. तांदळाच्या डब्याचं मी लिहिलंच नव्हतं, तरी हलली. आता मला वाटतं, ती खरंच सुटेल. माणूस दमतो.

दुसरा ता. क. भन्तेजींनी ते डोळे मिटून सांगितलं, असं मी वर लिहिलं आहे. ते तसं झालं नाही. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांना कोणाचा तरी फोन आला, आणि ते हात वर करून एवढंच म्हणाले, "लिहा, लिहा." बाकीचं मी घरी येताना रस्त्यात बनवलं. वाचताना तुला खरं वाटलं की नाही? मग मला दहापैकी किती?

तिसरा ता. क. तांदूळ नाही आणलास तरी चालेल. कमळाबाईंनी कधीच घेऊन ठेवलाय.

खरी गोष्ट अशी आहे की मी जी कथा वाचणार आहे ती आईवर आहे. वागळे इस्टेटच्या त्या औषधांच्या कंपनीत आई बाटल्यांवर लेबलं चिकटवायची, आणि वाचता येत नव्हतं म्हणून एकदा अख्खी पेटी उलटी चिकटवली होती, ते खरं आहे. पुढे मी दोन बोटं कापड सोडलं आहे. कथेत ती बाई त्या लेबलांवरून एकेक अक्षर ओळखायला शिकते आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अंगठ्याऐवजी सही करते. गुरुजींचा विश्वास बसत नाही, ते मुलाला दोन छड्या मारतात, आणि मुलाला मार बसला म्हणून ती पुन्हा कधी पेन धरत नाही. मग मुलीचं प्रगतिपुस्तक येतं. तेव्हा ती पुन्हा सही करते. दादा, माझ्या प्रगतिपुस्तकावर शेवटपर्यंत आईचा निळा अंगठाच होता, ते तुला माहीत आहे. तू प्रमुख अतिथी असशील, तुझ्या हातात माइक असेल. तेवढं उठून "आई अंगठा लावायची" असं म्हणू नकोस. हीच माझी मागणी आहे, बाकी सगळं पत्र तिथवर येण्यासाठी होतं.

आणि ते दोन छड्यांचं मी बनवलेलं नाही. तू सातवीत होतास, मी तिसरीत, वर्गाच्या दारात उभी होते. गुरुजी विचारत होते, ही सही कोणाची, आणि तू म्हणत होतास, "आईनेच केलीय." मार खाल्लास तरी तेच म्हणालास. मला वाटलं, दादा खोटं बोलतोय, स्वतःच सही केली आणि आईचं नाव सांगतोय. तुझ्या आयुष्यातलं ते एकुलतं एक खोटं, असं समजून मी ते आजवर कोणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. पण वही काढताना कपाटाच्या तळाशी आईची पत्र्याची पेटी उघडली. पांढऱ्या साडीच्या घडीत तुझं सातवीचं प्रगतिपुस्तक होतं. सही अजून दिसते. 'भागिरथी गमरे.' गि पहिला आहे, दादा. ऱ्हस्व, दीर्घ हवा होता. आणि तू सातवीतच काय, पहिलीतही वेलांटी चुकवणारा नव्हतास.

तूच केली असशील, तर पौर्णिमा होईपर्यंत मला सांगू नकोस. आणि आईने केली असेल, तर उत्तराचं पत्र लिहीत बसू नकोस, मिळाल्या मिळाल्या फोन कर. स्पीकरवर टाकते.